उताराच्या जागेवर अंगण, बाग आणि गटाराचं काम : कंत्राटदार कसा निवडावा?

तुम्ही लिहिलंय की घर गोव्यात डिचोलीजवळ उतारावर आहे, पुढे पेवर (अंगणात बसवायचे काँक्रीटचे ठोकळे) घालायचे आहेत, मागे चिऱ्यांची आधारभिंत आणि थोडी बाग करायची आहे. तीन कोटेशनं आलीत. दोघांनी पेवर, लॉन आणि दिवे धरलेत. तिसऱ्याने पहिली ओळच गटाराची लिहिलीय आणि त्याचा आकडा सगळ्यांत मोठा आहे. स्वस्तातला घ्यावा का, हा तुमचा प्रश्न.

मी स्वस्तातला घेतला होता. आमचं घर बांदोड्याला. एप्रिलमध्ये काम उरकलं, मे महिन्यात येणारा-जाणारा अंगण बघून खूश. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस लागला त्या रात्री पाणी बाल्कावाच्या (दारापुढच्या बसायच्या ओट्याच्या) पायऱ्या चढलं आणि सकाळी स्वयंपाकघरात घोटाभर पाणी. पेवरचा उतार घराच्या दिशेने दिलेला होता. जुलैत मागच्या भिंतीला पोट आलं, कारण मागचं पाणी बाहेर पडायला तिच्यात एक भोकसुद्धा ठेवलं नव्हतं. कंत्राटदाराचे सगळे पैसे मे महिन्यातच चुकते केले होते, त्यामुळे फोन करून उपयोग झाला नाही. दुसऱ्या वर्षी अर्धं अंगण उकरून पुन्हा केलं.

तेव्हापासून कोणीही विचारलं की मी आधी हाच हिशोब सांगते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छप्पर 150 चौरस मीटरचं असेल आणि दिवसात 100 मिलिमीटर पडला, तर नुसत्या छपरावरून 15,000 लिटर पाणी अंगणात उतरतं. गोव्यात वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. शिवाय तुमची जागा उतारावर, म्हणजे वरच्या बागायतीतलं पाणीही तुमच्याच अंगणातून जाणार. ज्या माणसाने हे पाणी कुठे न्यायचं ते ठरवलेलं नाही, त्याने पेवरचा रंग कितीही छान निवडला तरी उपयोग नाही.

म्हणून पहिल्या भेटीत तो काय विचारतो तिकडे लक्ष ठेवा. वरून पाणी कुठून येतं, पागोळ्या कुठे पडतात, सेप्टिक टँक आणि विहीर कुठे आहे, हे त्याने विचारलं पाहिजे. रस्त्याकडेच्या गटाराचा तळ तुमच्या अंगणापेक्षा खाली आहे का, हे त्याने लेव्हल पाइप (पाणी भरलेली पारदर्शक नळी) धरून दाखवलं पाहिजे, नुसतं नजरेने नव्हे. गटार वर असेल तर पाइप टाकून काहीच होत नाही. मग पाणी दुसऱ्या बाजूने काढायचं किंवा शोषखड्डा करायचा, तोही विहीर आणि पाया सोडून. शेजाऱ्याच्या जागेत पाणी सोडून मोकळा होणारा कंत्राटदार तर मुळीच नको, ते भांडण आयुष्यभर तुमच्या गळ्यात पडतं.

त्याची जुनी कामं बघायला जा, पण गेल्या महिन्यात झालेली नकोत. दोन पावसाळे काढलेलं अंगण बघा. पेवर कुठे खचलेत, भिंत सरळ आहे का, भिंतीच्या भोकांतून पाणी गळल्याच्या खुणा आहेत का (असल्या तर चांगलं, भिंत काम करतेय). घरच्या माणसांशी बोला, शक्यतो कंत्राटदार समोर नसताना.

कोटेशनमध्ये ढोबळ एकरकमी आकडा चालवून घेऊ नका. माप आणि जाडी लिहून घ्या. पेवर किती चौरस मीटर, किती मिलिमीटरचे, खाली मुरूम आणि खडी किती, भर किती थरांत दाबणार. भारतीय मानकांत हलक्या वाहनांसाठी 60 मिलिमीटरचे पेवर धरलेले आहेत. अंगणात पाण्याचा टँकर किंवा चिऱ्यांचा ट्रक येणार असेल तर 80 मिलिमीटरचे घ्या. उतार घरापासून दूर, मीटरमागे निदान एक सेंटिमीटर. आधारभिंतीमागे खडीचा थर आणि भिंतीत भोकं, हेही कागदावर हवं. भिंत माणसाच्या कमरेच्या वर जाणार असेल तर इंजिनिअरकडून आराखडा करून घ्या, त्यावर पैसे वाचवू नका. गटार मी स्वतः उघडं, वर जाळीचं करून घेतलं. आंब्या-फणसाचा पाला पाइपात अडकला की तो काढता येत नाही, जाळी उचलून झाडू मारता येतो. पाइपच टाकायचा असेल तर प्रत्येक वळणावर चेंबर (झाकण काढून साफ करता येईल असा खड्डा) हवा.

मागे डोंगर कापायचा असेल किंवा सखल भाग भरायचा असेल तर आधी नगरनियोजन खात्यात चौकशी करा. गोव्याच्या 1974 च्या नगरनियोजन कायद्याच्या कलम 17-अ मध्ये त्याच्या परवानगीची तरतूद आहे. झाड तोडायलाही 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. ‘ते आम्ही बघतो’ म्हणणाऱ्याकडे परवानगीचा कागद मागा, कारण नोटीस येते ती जमीनमालकाच्या नावाने.

पैशांचं मी दुसऱ्या वेळी असं ठरवलं : सुरुवातीला 20 टक्के, मग गटार, भिंत, पेवर असं एकेक काम पुरं झाल्यावर, आणि शेवटचे 15 टक्के सप्टेंबरअखेर. हे आधीच करारात लिहिलं. एका कंत्राटदाराने ऐकून कामच नाकारलं. ज्याने मान्य केलं तो ऑगस्टमध्ये भर पावसात छत्री घेऊन गटार बघायला आला आणि एका कोपऱ्यात पाणी तुंबत होतं तिथली जाळी स्वतःहून बदलून गेला.

काम दिवाळीनंतर सुरू करा, एप्रिलमध्ये सगळे कंत्राटदार अडकलेले असतात. आधी गटार, मग भिंत, मग पेवर. झाडं शेवटी, पहिल्या सरींनंतर. मागच्या उतारावर लॉनऐवजी वाळा लावा, त्याची मुळं खोल जाऊन माती धरतात.

तुमच्या तिघांपैकी मी त्या तिसऱ्यालाच पुन्हा बोलावेन. आकडा जड वाटत असेल तर लॉन आणि दिवे पुढच्या वर्षावर ढकला, आणि गटार, भिंत नि पेवर एवढ्याचंच नवं कोटेशन मागा.