माकडताप : माकडाचा, माकडापासून, की आणखी कसा?

दोडामार्गच्या एका वाचकाने विचारलं आहे : "आमच्याकडे माकडताप म्हणतात. ताप येतो गोचीड चावल्याने, मग नावात माकड कशाला? गोचीडताप जास्त बरोबर नाही का? आणि माकडताप चालतो, तर मंकीपॉक्सला माकडदेवी का म्हणू नये?"

हा समास कसा सोडवायचा, इथेच खरी मेख आहे. 'माकडाचा ताप' म्हटलं तर षष्ठी, 'माकडापासून आलेला ताप' म्हटलं तर पंचमी. वाचकाची हरकत या दुसऱ्या विग्रहावर आहे आणि ती रास्त आहे. पण पुरणपोळी म्हणजे पुरणाची किंवा पुरणापासूनची पोळी नव्हे, पुरण घालून केलेली पोळी. मधली पदं बोलताना गळतात. माकडताप मला या मध्यमपदलोपी घरातला वाटतो. माकडं मरू लागली की माणसांना येणारा ताप, असा त्याचा विग्रह मी करेन.

या विग्रहाला इतिहासाचा आधार आहे. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची एनआयव्ही) तपास हाती घेतला तेव्हा पहिली शंका पीतज्वराची होती, कारण दक्षिण अमेरिकेत पीतज्वराची साथ येण्याआधी जंगलातली माकडं अशीच मरतात. निघाला मात्र नवाच विषाणू, रशियात गोचिडींमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद. शास्त्रज्ञांनी जंगलाचं नाव रोगाला दिलं. कन्नड लोक त्याला 'मंगन कायिले' म्हणतात : मंग म्हणजे माकड, कायिले म्हणजे आजार. पुढे हा आजार गोव्यात सत्तरीत आणि आपल्याकडे दोडामार्ग-बांदा पट्ट्यात दिसला, तिथेही लोकांच्या तोंडी माकडच राहिलं.

प्रत्यक्षात घडतं ते असं. विषाणू जंगलातल्या गोचिडींमध्ये आणि उंदीर-चिचुंद्र्यांसारख्या लहान प्राण्यांमध्ये टिकून असतो. गोचीड माकडाला चावते, माकडाच्या रक्तात विषाणू भराभर वाढतो आणि त्याच्या अंगावरच्या इतर गोचिडीही बाधित होतात. माकड मेलं की या गोचिडी त्याच्या थंड पडलेल्या अंगावरून उतरतात आणि तिथल्याच पाल्यात पसरतात. कोरड्या दिवसांत त्यांची अर्धवट वाढलेली पिल्लं फार असतात, इतकी बारीक की अंगावर चढलेली कळत नाहीत. हेच दिवस काजू गोळा करण्याचे, लाकूडफाट्याचे, पातेरा झाडून आणण्याचे. माणसाला ताप येतो तो अशा पिल्लाच्या चाव्याने. माणसाकडून माणसाला तो लागत नाही.

म्हणजे या गोष्टीत माकड आपल्या आधी बळी जातं आणि आपल्याला खबर देतं. ती खबर या नावात जपलेली आहे, म्हणून मला हे नाव मोलाचं वाटतं. क्यासनूर हा शब्द दोडामार्गातल्या केर गावच्या किंवा बांद्याच्या माणसाला काहीच सांगत नाही. माकडताप ऐकलं की मेलेल्या माकडाकडे लक्ष जातं आणि जायलाच हवं : त्याला हात न लावता लगेच आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवायचं असतं.

गोचीडताप कारणाच्या दृष्टीने बिनचूक आहे, पण तो शब्द आधीच गुंतलेला आहे. गाई-म्हशींच्या थायलेरियासिसला पशुवैद्य आणि शेतकरी गोचीडताप म्हणतात. एकाच गावात, एकाच घरात, गोठ्यातल्या आजाराला आणि माणसाच्या आजाराला एक नाव असणं धोक्याचं.

मंकीपॉक्सचं प्रकरण अगदी वेगळं. १९५८ साली कोपनहेगनच्या प्रयोगशाळेत संशोधनासाठी ठेवलेल्या माकडांच्या अंगावर देवीसारखे फोड उठले, तिथे विषाणू सापडला आणि नाव पडलं. ती माकडं आशियातून आणलेली होती. विषाणूचं घर मात्र आफ्रिकेत आणि तिथेही मुख्यत्वे खारी-उंदरांसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांत असावं, असं आज मानलं जातं. माणसातला पहिला रुग्ण १९७० साली काँगोत आढळला. थोडक्यात, या नावातलं माकड हे प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यातलं माकड आहे. २०२२ मध्ये साथ पसरली तेव्हा ब्राझीलमध्ये या नावापायी माकडांना दगड मारले, विष घातलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने एमपॉक्स हे नाव सुचवलं. अशा वेळी आपण नव्याने माकडदेवी घडवणं मला मुळीच पटत नाही. एमपॉक्स लिहावं.

प्रयोगशाळेतल्या माकडाचं नाव असं भलतीकडे चिकटल्याचं आणखी एक उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या रक्तगटाच्या चिठ्ठीवर असतं. 'आरएच पॉझिटिव्ह' मधलं आरएच म्हणजे ऱ्हीसस माकड. लँडस्टायनर आणि वीनर यांनी १९४० मध्ये या माकडाच्या रक्तावर केलेल्या प्रयोगांतून ते आलं. माकडाच्या रक्तातला घटक आणि माणसातला आरएच घटक एकच नाहीत, हे नंतर कळलं, तोवर नाव जगभर रुळलं होतं.

माकडताप लिहिताना एकच शब्द लिहावा, 'माकड ताप' असा तोडू नये. एक उणीव मात्र या शब्दात खरोखर आहे. मराठीत लाल तोंडाचं ते माकड आणि काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा तो वानर. क्यासनूरमध्ये दोन्ही मेले होते आणि वानरांना हा रोग फार झपाट्याने मारतो. "मेलेलं माकड दिसल्यास कळवा" एवढंच वाचणारा माणूस मेलेल्या वानराकडे पाहून पुढे जाऊ शकतो. शब्द बदलायची गरज नाही, पण गावच्या फलकावर "माकड किंवा वानर" अशी दोन्ही नावं लिहायलाच हवीत.