बटाट्याच्या पॅनकेकसाठी बटाटे किसण्याऐवजी मिक्सरमध्ये फिरवले तर चालतात का?

चालतात, पण मग त्याला पॅनकेक म्हणू नका, खीर म्हणा.

आम्ही कोलोनला राहतो, जर्मनीत. इथे याला रायबेकूखेन म्हणतात, ख्रिसमस मार्केटात गरमागरम मिळतात, सोबत सफरचंदाचा गोड गर. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मला तर उपासाच्या थालीपिठाचा जर्मन भाऊच वाटला.

तर 11 नोव्हेंबरला इथे सांक्ट मार्टिन असतो, पोरं कंदील घेऊन फिरतात, आणि त्या संध्याकाळी मुलाचे मित्र आमच्याकडे येणार होते. 4 किलो बटाटे. मी किसणी काढली तर नवरा म्हणाला, अगं पुण्याहून माझे दोन स्वेटर काढून हा मिक्सर बॅगेत घातलास, तो काय शोभेला? आणि केले की तुकडे. फिरेना म्हणून वर कपभर पाणी! मिक्सरचं पातं किसत नाही हो, झोडपतं, सगळा रस बाहेर. दहा मिनिटांत ते आधी गुलाबी आणि मग चक्क करडं झालं. तेलात टाकलं तर तडतड, उलथण्याला चिकटून लगदा, मग यांनी त्यात मैदा ढकलला आणि त्याची रबरी चप्पल झाली.

शेवटी शेजारच्या आजी स्वतःची किसणी घेऊन आल्या. एक बटाटा, मग थोडा कांदा, परत बटाटा असं किसत गेल्या, कांद्याने कीस लवकर काळा पडत नाही म्हणे. कीस फडक्यात घट्ट पिळला, पाणी पाच मिनिटं तसंच ठेवलं, वरचं ओतून दिलं आणि तळाला बसलेलं पांढरं सत्त्व खरवडून परत किसात. पाणी सुटू नये म्हणून काय करायचं ते एवढंच. मी मदत करायला गेले आणि बोटाचं सालटं काढून बसले.

त्याच आठवड्यात किसायची चकती असलेला फूड प्रोसेसर घेतला. नवरा अजून म्हणतो मिक्सरचा दोष नव्हता, पाणी जास्त झालं. अहो पण ते पाणी घातलं कोणी?

हां, आता खरं सांगायचं तर इथे काही जण अंडं आणि कांदा घालून सरळ ब्लेंडरमध्येच फिरवतात, होतात त्यांचे, पण पातळ होतं म्हणून पीठ जास्त लागतं आणि कडा कुरकुरीत होत नाहीत. तुमच्याकडे मिक्सरच असेल तर पाणी अजिबात नको, छोटे तुकडे, थोडे थोडे, पल्सवर. आणि दोघांपुरतंच करायचं असेल तर किसणीच घ्या, फूड प्रोसेसर धुवायलाच त्याहून जास्त वेळ जातो.