रिटेकसुद्धा सरावात धर

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. दोन वर्षांनी बूट पुन्हा पायात चढले, याचा आनंद आधी सांगते, मग बाकीचं. परत पळायला लागलीस त्याचा साठ सेकंदांचा व्हिडिओ करायचा, तोही यवतेश्वरच्या घाटात, हा विचार मला मनापासून आवडला. साताऱ्यात पळणाऱ्याला घाटाशिवाय दुसरं काय आठवणार? हिल हाफ मॅरेथॉनचे २१ किलोमीटर तू त्याच घाटातून पळली आहेस.

पण तू लिहिलेल्या शॉट्सच्या यादीत एक ओळ मला खटकली: ‘वळणावरचा चढ, मनासारखा येईपर्यंत.’ अगं, तो चढ शंभर मीटरचा धरला आणि आठ रिटेक झाले, तर तू आठ वेळा चढावर जोरात पळालीस. दर वेळी खाली उतरलीस ते वेगळंच. मॅरेथॉनच्या तयारीत मी मुलींकडून हेच करून घेते, पण कित्येक आठवड्यांच्या सरावानंतर. तुझे पाय अजून तिथे पोचलेले नाहीत. दम लवकर परत येतो, दोन-तीन आठवड्यांत फरक कळतो. टाचेमागची जाड शीर मात्र सावकाश तयार होते. दम साथ देतोय म्हणून माणूस पळत सुटतो आणि दुखतं ती शीर. त्यात दुखणं त्याच दिवशी कळेलच असं नाही. स्नायूंचं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवतं.

हे मी भोगलंय. आजारपणानंतर ग्राउंडवर परतले तेव्हा मुली बघत होत्या, म्हणून पहिल्याच दिवशी जुन्या वेगाने पळाले. पोटरी भरली आणि पुढचे सहा आठवडे कट्ट्यावर बसून शिट्टी वाजवली. तेव्हा कॅमेरा नव्हता, पण बघणारे डोळे होते, आणि त्यांच्यापुढे आपला वेग आपल्या हातात राहत नाही.

म्हणून पळण्याचा शॉट दोनदाच घे. दुसऱ्यांदा जो येईल तो ठेव. बाकीचं सगळं चालताना घे: नाडी बांधणारे हात, रस्त्यावर पडणारी पावलं, कठड्यापलीकडे खाली दिसणारं शहर. चार-पाच सेकंदांचे तुकडे पुरतात.

उजेडाचं नीट ऐक. सकाळी घाट चढताना तुझं तोंड साधारण पश्चिमेला असतं आणि सूर्य पाठीशी. समोरून शूटिंग केलंस तर चेहरा काळा येईल. तेव्हा चढतानाचं पाठीमागून घे आणि चेहरा उतरताना घे, कोवळं ऊन थेट तोंडावर येतं. फोन उभा धरायचा, लेन्स आधी सुती रुमालाने पुसायची (घामाचा हात लागलेला असतोच), आणि स्क्रीनवर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरायचं, म्हणजे फोकस आणि उजेड मध्येच बदलत नाही. घाटात वारा फार, माइकमध्ये नुसतं घोंघावतं. मागचं निवेदन घरी येऊन रेकॉर्ड कर, दारं-खिडक्या लावून. खाली मराठीत अक्षरं टाक, कारण बरेच जण आवाज बंद ठेवूनच बघतात.

एकच वाक्य मात्र घाटातच बोल, चालता चालता. ‘मी दोन वर्षांनी परत आलेय आणि आज इथपर्यंतच जमलं.’ हे न थांबता, एका दमात म्हणता आलं तर वेग बरोबर आहे. मध्येच तुटलं तर कमी कर. आणि जिथे थांबलीस, कमरेवर हात ठेवून वाकलीस, ते कापू नकोस. घरी बसून परत सुरू करावं का याचा विचार करणाऱ्या एखादीला तेच बघायचं असतं. तुझं जुनं मेडल सुरुवातीला नको. ते दिसलं की तिला वाटेल, हिचं काय, ही मुळातच पळणारी. लोकांना किलोमीटर आणि वेळापत्रकही सांगू नकोस. तुझा गुडघा कसा आहे ते तुला ठाऊक, तिचा कसा आहे ते तुला ठाऊक नाही.

आणखी एक. कासला जाणाऱ्या गाड्या त्या वळणांवर अचानक समोर येतात, फुलांच्या मोसमात तर विचारूच नकोस. रविवार टाळ. फोन धरणाऱ्याने उलट्या पावलांनी रस्त्यावर चालायचं नाही, कठड्याच्या बाजूला एका जागी उभं राहायचं. कानात इयरफोन अजिबात नकोत.

बुधवारी सकाळी सव्वासहाला समर्थ मंदिरापाशी ये, फोन मी धरते. मंगळवारी पळू नकोस, सपाटीवर अर्धा तास चाल आणि वेळेवर झोप. येताना कोरडा टी-शर्ट आण, उतरताना घामावर वारा लागतो.

तुझी,
मॅडम