राजकीय टीका म्हणून धार जास्त कशाला, कवितेला की टीव्हीवरच्या विनोदाला?

तुमचा प्रश्न असा आहे की, टीव्हीवर नेत्यांची खिल्ली उडवली तर लाखो लोक बघतात आणि कविता मात्र शे-दोनशे लोक वाचतात, मग राजकीय टीका म्हणून कवितेचा उपयोग तरी काय? नाशिकमध्ये माझी उभी हयात मराठी शिकवण्यात गेली. त्यामुळे इथलंच सांगतो.

काही वर्षांपूर्वी पंचवटीतल्या एका गणेश मंडळाने कार्यक्रम ठेवला होता. आधी एका मिमिक्री कलाकाराने तीन-चार बड्या नेत्यांचे आवाज काढले. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत चालतं तसंच सगळं होतं; तीच खांदा उडवायची लकब, तोच घसा खाकरणं. मांडव दणाणून गेला. त्यातल्याच एका नेत्याच्या पक्षाचे स्थानिक पुढारी पहिल्या रांगेत बसले होते. सगळ्यात मोठ्याने हसले ते, आणि उठून कलाकाराच्या हातात पाचशेची नोट ठेवली.

मग मला बोलावलं. मी कुसुमाग्रजांची ‘अखेर कमाई’ वाचली. मध्यरात्रीनंतर शहरातले पाच पुतळे एका चौथऱ्यावर येऊन बसतात आणि रडू लागतात. फुले, शिवाजी महाराज, आंबेडकर, टिळक सांगतात की शेवटी आपण एकेका जातीपुरते उरलो. गांधी म्हणतात, तुमच्यामागे निदान एक जात तरी आहे, माझ्यामागे फक्त सरकारी कचेऱ्यांच्या भिंती. कविता संपली तरी टाळी पडेना. खाली उतरलो तर त्याच पुढाऱ्यांचा एक कार्यकर्ता जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “सर, ही कुणावर होती?”

माझं उत्तर त्या प्रश्नात आहे. मिमिक्री कुणावर आहे हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून ती कुणालाच लागली नाही. नेत्याची लकब घराघरात पोहोचली, तो आणखी ओळखीचा झाला, जवळचा वाटू लागला. कवितेत आजच्या एकाही नेत्याचं नाव नाही, पण ऐकणारा प्रत्येक जण त्यात सापडतो, कारण पुतळ्यांची वाटणी आपणच करून घेतलेली आहे.

म्हणून टीव्ही टाकाऊ आहे असं मात्र मला वाटत नाही. १९८९ साली जसपाल भट्टींचा ‘फ्लॉप शो’ हा विनोदी कार्यक्रम दूरदर्शनवर लागायचा. जेमतेम दहा भाग, तेही सरकारच्याच वाहिनीवर. ते नेत्यांचे आवाज काढत बसले नाहीत. पीएचडीच्या विद्यार्थ्याला घरकामाला जुंपणारे गाइड, ठेकेदार, डॉक्टर अशी माणसं त्यांनी धरली. माणूस अडवला कसा जातो, काम रखडतं कुठे, हे त्यांनी पायरी-पायरीने दाखवलं. कविता हे करू शकत नाही. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर कसा फिरतो, हे कवितेत सांगायला गेलं तर कविताच मरते. म्हणजे टीव्हीने नेत्याच्या आवाजापेक्षा त्याच्या निर्णयावर बोट ठेवलं, तर तो विनोद बोचतो. आपल्या तमाशातली बतावणी, म्हणजे त्यातला विनोदी संवादांचा भाग, हेच करायची, आणि तिला तर गावचा पाटील समोर बसलेला असताना बोलावं लागायचं.

पण टीव्हीला प्रायोजक लागतो, वेळ लागते, वाहिनीच्या मालकाची मर्जी लागते. कवितेला फक्त तोंड लागतं. म्हणूनच सत्तेला तिचा धाक वाटत आलाय. १९०९ साली नाशिकच्या बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ती कवी गोविंदांच्या कविता छापल्याबद्दल. त्या कवितांत देवादिकांच्या आणि शिवाजी महाराजांच्या गोष्टी होत्या. कोर्टाने त्या पुराणकथा मानल्या नाहीत, ब्रिटिश बादशहाविरुद्ध युद्धाची चिथावणी मानली. काही पानांची पुस्तिका आणि जन्मठेप! वर्गात हे सांगताना दरवेळी माझाच आवाज बदलायचा.

आणि शे-दोनशे वाचक म्हणता, तर आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डकांकडे बघा. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस, अक्षरओळख झाली ती मोठेपणी. बिर्ला, बाटा, टाटा यांची नावं घेऊन ‘आमचा वाटा कुठं हाय’ असं विचारणारं त्यांचं गाणं लोकांनी छापील पुस्तकातून घेतलं नाही, एकमेकांच्या तोंडून घेतलं. वामनदादा २००४ मध्ये गेले. १४ एप्रिलला आमच्याकडे आजही गायन पार्टी ते म्हणते, आणि ‘वाटा’ या शब्दावर बायाबापड्या गायकाच्या आधी सूर लावतात. त्यांतल्या कित्येकींनी कवितेचं पुस्तक कधी हातात धरलेलं नाही.

तुम्ही स्वतः लिहिणार असाल (प्रश्नावरून तसं वाटलं), तर माझ्या मते नेत्याचं नाव आधी खोडा. त्याने कोणता निर्णय घेतला आणि त्यात तुम्ही-आम्ही काय गप्प गिळलं, ते लिहा. मग चार लोकांत मोठ्याने वाचा. वाचून झाल्यावर कुणी जवळ येऊन “ही कुणावर होती?” असं विचारलं, तर त्यातला एक शब्दही बदलू नका.