प्रश्न मातीचे: विरजण आहे, दूध कुठंय?

दोन वर्षं दर महिन्याला एकरी २०० लिटर जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं द्रावण) सोडतोय. भारी काळी जमीन, कपाशी-तूर. सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत टिकणारा कार्बन) ०.३८ टक्क्यावरून हलेना. काय चुकतंय?
(वाचक, यवतमाळ जिल्हा)

जीवामृत हे जिवाणूंचं विरजण आहे, दूध नव्हे; दूध म्हणजे शेतातला काडीकचरा. २०० लिटरच्या पिंपातलं शेण, गोमूत्र आणि बेसन मिळून नत्र पाव किलोच्या आसपास भरतं. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ते २० किलोच्या वर असतं. म्हणजे खत म्हणून त्याच्याकडे बघायचंच नाही.

आता मातीचं गणित बघा. एक एकरात वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे ९ लाख किलो माती असते. कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर ९०० किलो कर्ब, म्हणजे साधारण दीड टन सेंद्रिय पदार्थ मातीत टिकून राहायला हवेत. काडीकचऱ्यातला बराचसा कर्ब कुजताना हवेत जातो, त्यामुळे घालावं लागतं त्याच्या कितीतरी पट. पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) बांधावर पेटवल्या आणि तुराट्या (तुरीच्या काड्या) चुलीत गेल्या, तर विरजण लावायचं कशाला?

तुरीचा पाला आपोआप गळतो, तो गोळा करू नका. पऱ्हाट्यांची कुट्टी करा, पण तशीच शेतात पसरू नका. उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून असते. कुट्टीचा ओला ढीग लावा, त्यावर शेणकाला आणि जीवामृत शिंपडा, ढीग आतून चांगला तापू द्या, पंधरवड्याने पालटा. पुढच्या हंगामात कपाशीच्या ओळींमध्ये ताग किंवा चवळी पेरा. सुमारे ४५ दिवसांनी, फुलोऱ्याच्या सुरुवातीला कापून जागीच आंथरा. ताग मातीत गाडण्यापेक्षा वर आंथरला की ओलही धरून राहते, आणि जिवाणूंना शेणाइतकीच ओलीची गरज असते. कोरड्या, तापल्या जमिनीवर दुपारी ओतलेलं जीवामृत वाया गेलं समजा. वाफशावर (माती ओलसर पण चिखल नसताना), संध्याकाळी, आच्छादनाखाली द्या.

मातीचा नमुना दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच खोलीवरून, ८-१० ठिकाणचा मिसळून घ्या. नाहीतर दोन अहवालांची तुलनाच होत नाही. दोन वर्षांत आकडा हलला नाही म्हणून घाबरू नका. वाळलेलं ढेकूळ पाण्याच्या ग्लासात अलगद सोडून बघा. मिनिटभरात विरघळून चिखल झाला तर माती अजून कमकुवत आहे. बराच वेळ आकार टिकला तर ती सुधारू लागली आहे. हा फरक बहुधा अहवालाच्या आधी दिसतो.

जीवामृताला कुजका वास येतो, अळ्याही होतात.
(वाचक, सातारा जिल्हा)

प्रमाण तपासा. सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीच्या पद्धतीत २०० लिटर पाण्याला १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, १ ते २ किलो काळा गूळ, तेवढंच बेसन आणि मूठभर बांधावरची माती. नळाचं क्लोरीनचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवून मग वापरा. जनावराला नुकतंच प्रतिजैविक दिलं असेल तर त्याचं शेण नको.

कुजका वास हवा कमी पडल्याचा. घट्ट झाकण काढा, गोणपाट बांधा, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळा, पिंप सावलीत ठेवा. गोणपाटाला भोक असलं की माशी आत जाते आणि अळ्या होतात. ४८ तासांत तयार होतं, आठवड्याच्या आत संपवा. ठिबकमधून द्यायचं तर आधी दुहेरी फडक्यातून गाळा, नाहीतर दुसऱ्याच दिवशी ड्रिपर बंद.

दुकानातलं जिवाणू कल्चर घ्यावं की स्थानिक वाढवावं?
(वाचक, सिंधुदुर्ग जिल्हा)

द्विदल बियाण्याला लावायचं रायझोबियम (मुळांच्या गाठींत हवेतला नत्र धरणारे जिवाणू) विकतचंच घ्या, पाकिटावरची मुदत बघून. त्याच्या बदल्यात घरचं काही चालत नाही. बाकी कामासाठी तुमच्याकडे बांबूची बेटं आहेतच. स्थानिक जिवाणू भातावर वाढवायची दक्षिण कोरियातल्या चो हान-क्यू यांची पद्धत करून बघा.

मोकळा शिजवलेला भात लाकडी खोक्यात किंवा बांबूच्या टोपलीत दोन तृतीयांश भरा, दाबू नका. वर कागद बांधून बेटाखालच्या पालापाचोळ्यात पुरा. पाऊस आणि उंदीर दोन्ही दूर ठेवा. चार-पाच दिवसांत पांढरी लव आली तर जमलं. काळी किंवा हिरवी बुरशी जास्त दिसली तर टाकून द्या; भात फार ओला होता. चांगल्या भातात समान वजनाचा गूळ कालवून मडक्यात, कापडाखाली आठवडाभर ठेवा. मग ते हजारपट पाण्यात मिसळून तांदळाच्या कोंड्यावर शिंपडा. कोंड्याचा मुठीत धरल्यावर गोळा व्हावा, पण पाणी टपकू नये. ढीग गोणपाटाने झाका आणि हात पोळेल इतका तापला की पालटा, नाहीतर हवे ते जिवाणूच मरतात. आठवड्याने गार झाला की शेतातल्या मातीत मिसळून आच्छादनाखाली टाका.

पालक-कोथिंबिरीवर जीवामृत फवारलं तर चालेल का?
(वाचक, नाशिक)

नको. त्यात ताजं शेण आहे, त्यातले रोगजंतू पानावर राहतात आणि कोथिंबीर आपण कच्ची खातो. पेरणीपूर्वी जमिनीत द्या.