उत्तर: कॉलेजचं पाळणाघर आणि 'तुम्ही पात्र नाही'

अमेरिकेतल्या कॉलेजच्या पाळणाघरात मुलीला घालायचंय, पण फीसवलतीला 'तुम्ही पात्र नाही' म्हणतात, ही तुमची पोस्ट वाचली आणि सहा वर्षांपूर्वीचा जुलै डोळ्यांसमोर आला. अमेरिकेत पीएच.डी.ला ॲडमिशन, अडीच वर्षांचं मूल, युनिव्हर्सिटीच्या पाळणाघराचं चाळीस पानी हँडबुक, आणि फीसवलतीचं विचारलं तर ऑफिसचं एका ओळीचं उत्तर : आंतरराष्ट्रीय विद्यार्थी पात्र नाहीत. तुमची मुलगी आहे, माझा मुलगा, एवढाच फरक. बाकी गोष्ट तीच.

वेटिंग लिस्टमध्ये नाव, लसींचं कार्ड वगैरे तुम्ही केलंच असेल, त्यावर लिहीत बसत नाही. (नाव घातलं नसेल तर हे वाचणं थांबवा आणि आधी ते करा. तिकडचा पत्ता नसेल तर डिपार्टमेंटचा द्या.)

आता ती एक ओळ. मीही ती खरी मानली, आणि ती मला जवळजवळ सहा हजार डॉलरला पडली. आम्ही दोघंही एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर होतो. नवऱ्याचं मास्टर्स चालू, कमाई म्हणजे माझं स्टायपेंड, आणि त्यातले महिन्याला बाराशे पाळणाघराला. मी आर्थिक मदतीच्या ऑफिसला फोन केला होता. पलीकडच्या माणसाने 'पेल ग्रँट मिळते का?' एवढंच विचारलं. (पेल म्हणजे कमी उत्पन्नाच्या पदवी विद्यार्थ्यांना मिळणारी अमेरिकी सरकारची मदत.) मी नाही म्हटलं. 'मग नाही,' म्हणाला आणि ठेवला. मी लेखी विचारलं नाही, नियम कुठे लिहिलाय हे विचारलं नाही. आपल्याकडे सरकारी खिडकीवर 'साहेब जेवायला गेलेत' ऐकलं तरी आपण तिथेच ठिय्या देतो. तिथे मात्र इंग्रजीत गोड आवाजात 'सॉरी' आलं की आपण परत फिरतो. निदान मी तरी फिरले.

दहा महिन्यांनी पाळणाघराच्या वाळूच्या खड्ड्याशी एक नेपाळी आई भेटली. तीही एफ-१ वर. सहज बोलता बोलता म्हणाली, मी निम्मी फी भरते. मला आधी वाटलं ऐकण्यात चूक झाली. तर सवलतीचा फॉर्म त्या ऑफिसात नव्हताच. पाळणाघराच्या संचालकबाईंच्या ड्रॉवरमध्ये होता.

प्रकार असा. शिकणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी कॉलेजांना सरकारी अनुदान मिळतं. नाव लांबलचक आहे, चाइल्ड केअर ॲक्सेस मीन्स पेरेंट्स इन स्कूल; सगळे सीकॅम्पिस म्हणतात. उच्च शिक्षण कायद्याच्या कलम ४१९एन मध्ये 'अल्प उत्पन्नाचा विद्यार्थी' कोण, याची व्याख्या आहे. पेल ग्रँटला पात्र असलेले तर त्यात आहेतच. पण जे केवळ पदव्युत्तर शिकतात म्हणून, किंवा केवळ तात्पुरत्या कारणासाठी अमेरिकेत आलेत म्हणून पेलला अपात्र ठरतात, तेही त्यात धरलेत. म्हणजे तुम्ही आणि मी. ऑफिसवाल्याने व्याख्येचा पहिला तुकडा वाचला होता, दुसरा नाही. आमच्याकडे मग कागदावर उत्पन्नाचा हिशोब घेतला आणि पुढच्या सत्रापासून फी निम्मी झाली. मागचे पैसे अर्थातच गेले ते गेले.

लगेच हुरळू नका. मी वकील नाही. हे अनुदान प्रत्येक कॉलेजला नसतं. मिळतं तेही चार-चार वर्षांपुरतं. पैसे कमी असले की कॉलेज आपला अग्रक्रम ठरवतं आणि तिथे पदवीच्या विद्यार्थ्यांना आधी घेतलं तर तुम्ही भांडू शकत नाही. शिवाय तिकडचे नियम हल्ली भराभर बदलतात, व्हिसाच्या बाजूने काही अडचण आहे का हे इंटरनॅशनल ऑफिसला विचाराच. पण विचारायचं ते पाळणाघराच्या संचालकांना आणि ईमेलवर : 'या केंद्राला सीकॅम्पिस आहे का, आणि कलम ४१९एनच्या व्याख्येतले एफ-१ विद्यार्थी तुम्ही धरता का?' 'नाही' आलं तर कोणत्या नियमाने ते लिहून मागा. मला कुणी हे दहा महिने आधी सांगितलं असतं तर... असो.

हँडबुकातलं, मुलांना कसं शिकवतात ते सांगणारं 'फिलॉसॉफीचं पान डोक्यावरून गेलं' असं तुम्ही लिहिलंय. ते पान परत वाचा, फीच्या पानाइतकंच महत्त्वाचं आहे. 'खेळातून', 'मुलाच्या कलाने' याचा सरळ अर्थ : एबीसीडी गिरवून घेणार नाहीत, गृहपाठ नाही, कपडे रोज चिखलात. आमच्या केंद्रावर इटलीतल्या रेज्जो एमिलियाच्या पद्धतीचा पगडा होता. माझी आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, 'एवढे पैसे घेऊन चिखल कालवायला लावतात?' मी तिला बालशिक्षणातल्या ताराबाई मोडकांचं सांगितलं, १९२६ मध्ये गिजुभाई बधेकांबरोबर काढलेला नूतन बालशिक्षण संघ, मग बोर्डी गावातलं काम, पानं-दगड-शंखशिंपल्यांची साधनं. ती म्हणाली, 'ताराबाई बाराशे डॉलर घेत होत्या का?' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण पहिल्या आठवड्यात मलाही ते झेपलं नाही. तिथे मुलं एका टेबलाशी बसून भांड्यातून स्वतः वाढून घेतात. आमचे चिरंजीव भरवायची वाट बघत बसले आणि तीन दिवस अर्धपोटी घरी आले. बाईंना मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. त्या शांतपणे मला काचेच्या खोलीत घेऊन गेल्या. कॉलेजचं केंद्र म्हणजे बरेचदा बालविकासाच्या विद्यार्थ्यांची प्रयोगशाळाही असते, त्यामुळे एकतर्फी काचेमागून बघता येतं. चौथ्या दिवशी त्याने डाव उचलला, अर्धा भात टेबलावर सांडला, उरलेला खाल्ला. त्या काचेमागे बसायची परवानगी मागा. हँडबुकपेक्षा तिथे जास्त कळतं.

धोरणांत एकच बघा : तापाचं कलम. आमच्याकडे १००.४ फॅरनहाइट झाला की फोन यायचा, आणि औषधाशिवाय चोवीस तास ताप नसेल तरच परत घ्यायचे. पहिल्या हिवाळ्यात हे इतक्या वेळा होईल की गाइडला आधीच सांगून ठेवा.

आणि डबा न्यायची मुभा असली तरी बऱ्याच ठिकाणी शेंगदाण्याला ॲलर्जीमुळे बंदी असते. आपल्या लक्षातच येत नाही की दाण्याचं कूट कशाकशात असतं. मी काकडीची कोशिंबीर दिली होती, ती तशीच डब्यात परत आली, वर लाल स्टिकर लावून. साबुदाण्याची खिचडी शनिवारी, घरी.