विचारा तर खरं : एबेन-एमालचा जमिनीखालचा किल्ला

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ३१ वर्षं नोकरी करून मी निवृत्त झालो. मुलगी-जावई आइंडहोवनला असतात. एप्रिलअखेर आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी तिकडे येतोय. पवनचक्क्या, बागा वगैरे मुलगी दाखवेलच. पण कारखान्यात आमचे एक साहेब नेहमी सांगायचे, की पोकळ स्फोटक, म्हणजे आम्ही ज्याला शेप चार्ज म्हणायचो ते, युद्धात पहिल्यांदा बेल्जियममधल्या एका भुयारी किल्ल्यावर वापरलं गेलं. तो किल्ला बघता येतो का? खुणा शिल्लक आहेत का? माझ्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालीय, तेवढं लक्षात घेऊन सांगा. — एक वाचक, खडकी

उत्तर : काका, नमस्कार. तुमच्या साहेबांनी सांगितलं तो एबेन-एमालचा किल्ला. बघता येतो, खुणाही आहेत. आइंडहोवनहून रेल्वेने मास्ट्रिख्तला साधारण तासाभरात पोचता, तिथून पुढे किल्ला जवळच, हद्द ओलांडली की बेल्जियममध्ये. मी आतापर्यंत चार वेळा गेलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तारखेचं. हा किल्ला रोज उघडा नसतो. मालकी अजून बेल्जियमच्या संरक्षण खात्याकडे आहे आणि संग्रहालय स्वयंसेवकांची संस्था चालवते. सुट्या पाहुण्यांसाठी महिन्यातले ठरावीक दिवसच असतात, बहुधा एखादा शनिवार-रविवार. गट असेल तर आधी ठरवून जाता येतं. जावयांना संस्थेच्या संकेतस्थळावर तारखा बघायला सांगा आणि मगच तिकिटं काढा. पहिल्या खेपेला मी तारीख न बघता गेले होते. आबा भारतातून आलेले, नोव्हेंबरची थंडी, आणि दार बंद. मग आम्ही दोघं नुसते किल्ल्याच्या माथ्यावर फिरलो. तेव्हा वाईट वाटलं होतं, पण आता मी सगळ्यांना आधी माथाच बघायला सांगते. माथ्यावर जायला तिकीट नाही, कधीही जा.

माथ्यावर गेलात की वाटेल, किल्ला कुठाय? गवत, शेतं, झाडी, कुत्री फिरवायला आलेली गावातली माणसं. आपण गडकोट बघत वाढलेली माणसं, तट आणि बुरूज शोधायची डोळ्यांना सवय. इथे तटच दिसत नाही. चालता चालता गवतातून एखादा पोलादी घुमट वर आलेला दिसतो, बसक्या घमेल्यासारखा, किंवा काँक्रीटचा एक ठोकळा. एका कडेला मात्र जमीन एकदम संपते आणि खाली खोल आल्बर्ट कालवा दिसतो. डोंगर उभा कापून तो कालवा काढलाय. तिथला दगड पिवळट पांढरा, मऊ, चुनखडीचा. आबांनी नखाने टोकरून पाहिला आणि म्हणाले, "अगं, हा तर करवतीने निघेल." आम्ही राजापूरकडचे, जांभा कापताना बघितलेला. तिकडे तो खरंच करवतीने कापत आलेत, शेकडो वर्षं.

आता हा किल्ला बांधला कसा, ते. पहिल्या महायुद्धात, १९१४ साली, लिएज शहराभोवतीचे बेल्जियमचे किल्ले जर्मनांनी अजस्र तोफांनी फोडले होते. ती जखम ताजी होती. म्हणून १९३० च्या दशकात नवा किल्ला बांधताना माणसं, दारूगोळा, वीजघर, दवाखाना सगळं डोंगराच्या पोटात नेलं आणि वर फक्त तोफांची तोंडं ठेवली. आत काही किलोमीटर लांबीची भुयारं. कालव्यावरचे पूल आणि मास्ट्रिख्तकडून येणारे रस्ते या तोफांच्या माऱ्यात. त्या काळात हा किल्ला अभेद्य मानला जायचा.

पण माथा उघडा राहिला. सुरुंग पेरलेले नाहीत, धड काटेरी तारा नाहीत. शिपाई तिथे फुटबॉल खेळायचे. मी पहिल्यांदा त्या गवतावर उभी होते तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं. नंतर वाचल्यावर ती सपाट जागा पुन्हा डोळ्यांपुढे आली आणि पोटात कसंतरी झालं.

१० मे १९४० च्या पहाटे, उजाडता उजाडता, त्या सपाटीवर ९ जर्मन ग्लायडर उतरले. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर कापड, इंजिन नाही, त्यामुळे आवाज नाही. कोलोनहून निघाले होते ११, माणसं ८५. दोन वाटेतच गळाले, त्यातल्या एकात त्यांचा म्होरक्या रुडॉल्फ विट्झिग होता. ग्लायडर ओढणाऱ्या विमानाचा दोर तुटून तो जर्मनीतच उतरला आणि नंतर ओढायला दुसरं विमान मिळवून येऊन पोचला. तोवर हेल्मुट वेन्झेल नावाच्या हवालदाराने सूत्रं हातात घेतली होती. वर उतरलेले सत्तरच्या आसपास, आत सहाशेहून अधिक. तरीही पहिल्या अर्ध्या तासात महत्त्वाच्या बहुतेक तोफा आंधळ्या आणि मुक्या झाल्या.

कशाने, ते तुम्हाला मी काय सांगणार, काका. पण इतर वाचकांसाठी लिहिते. स्फोटकाच्या तळाला वाटीसारखी पोकळी ठेवली, की स्फोटाचा जोर चारी दिशांना न पांगता त्या पोकळीच्या रोखाने एकवटतो आणि पोलादाला भोक पाडतो. मोठी स्फोटकं ५० किलोंची, दोन तुकड्यांत, दोघांनी वाहून आणायची आणि घुमटावर एकावर एक बसवायची. लहान साडेबारा किलोंची. जिथे पोलाद आरपार फुटलं नाही, तिथेही आतल्या बाजूने तापलेल्या कपच्या उडाल्या आणि आतली माणसं मेली. हे तंत्र इतकं गुप्त होतं, की शरण आलेल्या बेल्जियन सैनिकांना जर्मनांनी इतर कैद्यांपासून वेगळं डांबलं, बाहेर बोभाटा होऊ नये म्हणून.

खुणा वर पोलादी घुमटांवर आहेत. आजूबाजूचं पोलाद गंजून मऊ दिसतं आणि मधे एक खळगा, त्याच्या कडा वितळून थिजल्यासारख्या. त्यात पावसाचं पाणी साचलेलं होतं. आबांनी त्यात बोट बुडवलं. तुम्ही ३१ वर्षं या विषयात घालवली आहेत, तुम्हाला तिथे माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त दिसेल.

एक विनंती मात्र आहे. या किल्ल्याची गोष्ट बहुतेक ठिकाणी वरून सांगितली जाते : ग्लायडर, धाडस, नवं अस्त्र. वाचणाऱ्यालाही तीच आवडते. तुम्ही ती आतून बघा. आत जे होते ते बहुतेक तोफखान्याचे, आपल्या जुन्या शब्दात गोलंदाज. हातघाईची लढाई करायला त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. नेमणुकीतली निम्मीच माणसं त्या दिवशी आत होती. बाकीची काही किलोमीटरवरच्या व्होंक गावात, काही रजेवर. मध्यरात्री साडेबाराला इशारा आला. ठरल्याप्रमाणे धोक्याच्या तोफा डागायच्या होत्या, त्याला उशीर झाला, कारण तोफेवरची माणसं बाहेरच्या इमारती मोकळ्या करायला पाठवली होती. किल्लेदार मेजर जोत्राँ. डोक्यावर नेमकं काय चाललंय, शत्रू किती आहेत, हे त्यांना आतून कळायला मार्ग नव्हता. एकेका बुरुजाचा, म्हणजे तोफांच्या ठाण्याचा, फोन बंद पडत गेला.

आतल्या वाटेचं सांगते. हा किल्ला आपल्या गडांच्या उलटा आहे. पायथ्याशी, गावाच्या बाजूला दार. तिथून सपाट आत शिरायचं, तिथे बराकी, स्वयंपाकघर, दवाखाना, डिझेल इंजिनं. मग डोंगराच्या पोटातल्या जिन्याने वर चढायचं, की लांबच लांब भुयार लागतं, आणि त्या भुयारातून प्रत्येक बुरुजाला पुन्हा वेगळा जिना. वाटाड्या तुम्हाला 'मास्ट्रिख्त १' नावाच्या बुरुजाच्या पायथ्याशी नेईल. तिथे पोलादी दारांची जोडी होती. वरचा बुरूज हातचा गेल्यावर आतल्यांनी ती दारं लावून घेतली आणि दोन्ही दारांच्या मधल्या जागेत तुळया आणि वाळूची पोती रचली. पलीकडून जर्मनांनी मोठा स्फोट केला. ती दारं अजून तिथे आहेत. चुलीवर राहिलेल्या पापडासारखी मुरगळलेली. दारांमागे पहाऱ्यावरचे शिपाई होते, ते जागीच गेले.

तिथे आमचा वाटाड्या, सत्तरीचा गृहस्थ, बोलायचा थांबला आणि त्याने हातातली विजेरी दाराच्या बिजागरीवर धरली. बिजागरी शाबूत होती. दार फाटलं, पण बिजागरी सुटली नव्हती. कोण्या लोहाराने, कोण्या फिटरने ती किती मनापासून बसवली असेल, असं माझ्या मनात आलं. मला तिथून लवकर हलवेना.

११ मेच्या दुपारी किल्ला शरण गेला. आतले वीसहून अधिक गेले होते, वरून आलेल्यांपैकी ६.

गुडघ्याचं : फेरी दोन तासांहून मोठी, पायऱ्या भरपूर, आणि पाहुण्यांसाठी लिफ्ट असेल असं धरून चालू नका. दुसऱ्या खेपेला आबा खालच्या मजल्यावरच थांबले होते. बराकीतलं संग्रहालय त्यांनी निवांत बघितलं आणि तेवढ्यावर ते समाधानी होते. नोंदणी करतानाच गुडघ्याचं सांगून ठेवा. काकूंना सांगा, बाहेर कितीही ऊन असो, स्वेटर आणि कानटोपी बरोबर हवीच. आत बाराही महिने १२ अंशांच्या आसपास असतं, आणि ती थंडी ओलसर, हाडांत शिरणारी. चपला नकोत, तळ पकडणारे बूट घाला.

प्रश्न : ताई, आम्ही अँटवर्पला राहतो. मुलगा ११ वर्षांचा आहे. दिवसभर मोबाइलवर युद्धाचे खेळ. त्याला हा किल्ला बघायचाय. नेला तर हे वेड वाढेल अशी मला भीती वाटते. — एक आई, अँटवर्प

उत्तर : न्या. निर्धास्त न्या. तिसऱ्या खेपेला माझा भाचा बरोबर होता, तुमच्या मुलाच्याच वयाचा. ग्लायडरच्या गोष्टीसाठी नाचत आला होता. बराकीत शिपायांच्या खाटा बघितल्या आणि त्याने वाटाड्याला विचारलं, "खिडकी नाहीये, मग त्यांना सकाळ झालेली कशी कळायची?" वाटाड्याने त्याला जवळ बोलावून हवेच्या नळ्या दाखवल्या. विषारी वायू आत येऊ नये म्हणून आत हवेचा दाब जास्त ठेवायचे ते समजावलं. मग दवाखान्यातलं शस्त्रक्रियेचं टेबल. नंतरचा तास पोरगं माझा हात धरून होतं. परतताना गाडीत ग्लायडरबद्दल एकदाही बोललं नाही, जेवण कोण बनवायचं ते विचारत होतं.

अगदी लहान, पाच-सहा वर्षांचं भावंड असेल तर त्याला मात्र घरी ठेवा. अंधार, थंडी आणि दोन तास चालणं त्याला सोसायचं नाही. फेरी संपल्यावर त्याच गावात एबेन-एझरचा मनोरा आहे, एका माणसाने गारगोटीच्या दगडांनी बांधलेला, माथ्याच्या चार कोपऱ्यांवर पंख असलेले प्राणी. मुलांना तो फार आवडतो, आणि भुयारातून बाहेर आल्यावर उंचावरचं वारं घ्यायला मोठ्यांनाही बरं वाटतं.

प्रश्न : एवढ्या लांब जाणं आम्हाला शक्य नाही. महाराष्ट्रात असं काही आहे का? — एक वाचक, मिरज

उत्तर : दुसऱ्या महायुद्धातलं नाही, पण जमिनीखालचं लष्करी बांधकाम मुंबईत आहे, मलबार हिलवर, राजभवनाच्या (आता त्याचं नाव लोकभवन) आवारात. ब्रिटिशांच्या काळातलं हे भुयार कित्येक दशकं बुजवलेलं होतं. २०१६ साली भिंत फोडल्यावर आत १३ खोल्या सापडल्या. २०१९ पासून तिथे संग्रहालय आहे. कोणत्या खोलीत काय ठेवायचं त्याच्या इंग्रजी पाट्या सापडल्या, तोफगोळ्यांचं कोठार, काडतुसांचं कोठार, गोळे वर न्यायचा पाळणा. एबेन-एमालशी त्याची बरोबरी नाही, ते लहान आहे आणि तिथे लढाई झालेली नाही. पण तोफेखालच्या माणसाचं रोजचं काम कसं चालायचं, ते त्या पाट्यांवरून कळतं. राज्यपालांचं निवासस्थान आहे, तेव्हा आधी नोंदणी करा आणि ओळखपत्र जवळ ठेवा.